मेसेज गोव्याला गेला, पोरगी गावात राहिली

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर वहिनीनं दादाचा फोन माझ्या हातात दिला. दादा गोव्यात कामाला असतो, सणाला चार दिवस आलेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, शाळेचं काय काय येत असतंय ह्यात, एकदा बघा की. सगळं कानडीत. ह्यास्नी बोलाय येतंय, वाचाय येत नाही. मला तर दोन्ही येत नाही."

माझी वहिनी चंदगडकडची. आमच्या पट्ट्यात हे नवीन नाही. बेळगाव, खानापूरच्या गावांत निम्म्या सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या. राज्याची सीमा १९५६ ला आखली गेली, पण रोटी-बेटीचा व्यवहार काही थांबला नाही. त्यामुळे आपल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या कितीतरी पोरांच्या आया कन्नड अक्षर न शिकता वाढलेल्या आहेत. त्यांची शाळा महाराष्ट्रात झाली, संसार कर्नाटकात चाललाय.

मी फोनवर वर सरकवत गेले. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. झेंडावंदनाचे फोटो, दूध वाटपाचे फोटो, आणि मधे मधे कन्नडमधल्या सूचना. काही टाईप केलेल्या, काही कार्यालयाच्या परिपत्रकाचे जसेच्या तसे काढलेले फोटो. एका ठिकाणी थांबले. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची सूचना होती. अर्ज भरायची शेवटची तारीख केव्हाच होऊन गेलेली.

माझी भाची पाचवीत आहे. नवोदयची परीक्षा पाचवीत शिकणाऱ्या मुलांसाठीच असते, सहावीच्या प्रवेशाची. ती एकदाच देता येते. पुढच्या वर्षी देऊ म्हणता येत नाही. केंद्र सरकारची निवासी शाळा, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. म्हणजे ही शाळा आमच्या पोरीसारख्यांसाठीच काढलेली. ती पास झाली असती की नाही, माहीत नाही. जागा थोड्या असतात, बसणारी मुलं भरपूर. पण नापास होणं वेगळं आणि फॉर्मच न भरणं वेगळं. मेसेज गोव्यात दादाच्या खिशात वाजला. त्यानं कन्नड बघून सुट्टीचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. पोरगी इथं गावात आईजवळ बसून पाढे म्हणत होती.

मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. भांडी घासायला उठली. थोड्या वेळानं आतून म्हणाली, "बाईंनी एवढं तोंडानं सांगितलं असतं तर…"

हा लेख त्या अपुऱ्या वाक्याबद्दल आहे.

चूक नेमकी कुणाची?

पहिला राग शाळेवर येतो. माझाही आला. दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. त्या मराठी, आपल्यातल्याच. त्यांनी सगळा प्रवास सांगितला. सूचना वरच्या कार्यालयातून कन्नडमध्ये निघते. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ती पुढे जाते, मग सीआरपींच्या ग्रुपवर येते, तिथून मुख्याध्यापकांकडे, आणि तिथून पालकांच्या ग्रुपवर. प्रत्येक ठिकाणी एकच काम होतं, ते म्हणजे 'फॉरवर्ड'. बाई म्हणाल्या, "दिवसाला दहा-पंधरा येतात गं. ऑनलाईन माहिती भरायची, आहाराचा हिशेब, आधारचं काम, आणि दोन वर्ग एकटीनं बघायचे. प्रत्येकाचं मराठी करून घालायला बसू कधी?"

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. वर्ग दोन, शिक्षिका एक, हे आपल्या भागातल्या किती शाळांचं चित्र आहे, तुम्हाला सांगायला नको.

म्हणून एका माणसाला धरून प्रश्न सुटणार नाही. इथं एक साखळी आहे, आणि तिच्यातल्या एकाही कडीवर असं लिहिलेलं नाही की ही शाळा मराठी माध्यमाची आहे, तेव्हा तिच्या पालकांसाठी निघणारी सूचनाही मराठीत हवी. मुलांची पुस्तकं मराठीत येतात. कर्नाटक सरकार स्वतः मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं छापतं. वर्गात मराठी चालतं. पण शाळेच्या फाटकाबाहेर, पालकांपर्यंत जाताना, तीच शाळा कन्नड होते.

कायदा काय म्हणतो, आणि कुठं गप्प बसतो

राज्यशास्त्र शिकते म्हणून हे जरा तपशीलात. कंटाळू नका, कामाला येईल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २४ शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. त्यातलं एक असं की शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, अभ्यासातली प्रगती आणि इतर महत्त्वाची माहिती पालकांना द्यावी. म्हणजे शाळेची बातमी घरी पोचवणं हे उपकार नाहीत, ते काम आहे. याच कायद्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचं आहे. कर्नाटकात आपण तिला एसडीएमसी म्हणतो. कायद्यानुसार अशा समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या जागा महिलांना हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कुठं खर्च होतं ते बघणं, ही तिची कामं.

आता गंमत बघा. माहिती द्या असं कायदा सांगतो, पण कुठल्या भाषेत ते सांगत नाही. ज्याला ती भाषा येत नाही त्याला सांगणं म्हणजे सांगणं झालं का? शहाण्या माणसाला हा प्रश्न पडेल, कागदाला पडत नाही.

संविधानाचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करायला सांगतं. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं, म्हणजे भाषावार राज्यरचनेच्या सोबतच. राज्यं भाषेवर आखली की प्रत्येक सीमेवर कुणीतरी अल्पसंख्य होणार, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. पण हे कलम शिकवण्याबद्दल आहे. आईला मिळणाऱ्या चिठ्ठीबद्दल त्यात शब्द नाही.

भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय संरक्षण योजनेत एक मुद्दा आहे, तो आपल्यातले बरेच जण भाषणात ऐकून ऐकून पाठ झालेत. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांचं प्रमाण या १५ टक्क्यांच्या वर आहे. खानापूरसारख्या तालुक्यात तर प्रश्नच नाही. पण हे संरक्षण म्हणजे सरकारांनी एकमेकांत मान्य केलेली योजना आहे. तिच्यावर नजर ठेवणारे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त, कलम ३५० ख खालचे, राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि शिफारस करतात. कुणाला हुकूम करत नाहीत.

एक हत्यार मात्र थेट हातात आहे. कलम ३५०. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना मराठीत अर्ज लिहिणं हा गुन्हा नाही, उद्धटपणाही नाही. तो हक्क आहे. आपल्या किती पालकांनी तो वापरलाय?

"मग कन्नड शिका की"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कॉलेजात, बसमध्ये, फेसबुकवर. त्याला शिव्या घालून उत्तर देणं सोपं आहे. पण त्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच चुकीचं आहे, ते नीट वेगळं करूया.

तथ्य असं की आमच्या पिढीनं कन्नड शिकलेलं आहे. शाळेत होतंच. मला वाचता येतं, लिहिता येतं, आणि त्याची मला लाज नाही. कन्नड ही सुंदर आणि जुनी भाषा आहे, माझ्या जवळच्या दोन मैत्रिणींची ती मातृभाषा आहे. माझं भांडण त्या भाषेशी नाही.

चुकीचं असं की इथं प्रश्न माझा नाहीच. प्रश्न ३५ वर्षांच्या बाईचा आहे. सातवीपर्यंत चंदगड तालुक्यात मराठीत शिकलेली. सकाळी धार, मग शेत, मग मजुरी, संध्याकाळी चूल. तिला सांगायचं की आधी नवीन लिपी शिक, मग तुझ्या पोरीच्या परीक्षेची तारीख कळेल? भाषा शिकणं चांगलंच. पण लेकराची माहिती त्या परीक्षेचं बक्षीस म्हणून देता येत नाही. ती आजच हवी असते, कारण तारीख आजची असते.

आणि हाच न्याय उलटा लावून बघा. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या आयांना जर मराठीत सूचना जात असतील आणि त्यांना त्या कळत नसतील, तर तीसुद्धा तितकीच चूक आहे. त्या बाईला कन्नडमध्ये चिठ्ठी मिळाली पाहिजे, असं आपण ज्या तोंडानं म्हणू, त्याच तोंडानं आपल्यासाठी मराठी मागू. नाहीतर आपली मागणी हक्काची राहत नाही, नुसती ओढाताण होते. गोव्यातल्या मित्रांनीही आपल्याकडे बघावं. तिथं मराठी प्राथमिक शाळा आहे, घरी मराठी-कोकणी आहे, आणि सरकारी परिपत्रक इंग्रजीत. भाषा बदलली, पण आई तशीच कागद हातात धरून उभी.

पट का घटतो, याचं एक न बोललेलं कारण

मराठी शाळा बंद पडतायत, पट घटतोय, हे आपण रोज लिहितो. कारणंही सांगतो. सरकारचं दुर्लक्ष, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, इंग्रजीचं आकर्षण. सगळी खरी आहेत. पण मला वाटतं एक कारण आपण मोजत नाही. मराठी शाळेत आत काय चाललंय हे घरी कळतच नाही.

इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेची गाडी दारात येते. पोराच्या दप्तरात डायरी असते. रोज त्यात काहीतरी लिहून येतं. महिन्याला मीटिंग, वर्षाला गॅदरिंग, फोनवर फोटो. बापाला ती डायरी वाचता येत नसली तरी त्याला वाटतं, इथं काहीतरी चाललंय, माझ्या पैशाला उत्तर मिळतंय. समोर आपली सरकारी मराठी शाळा. तिथं बाईंनी एका पोराला तीन महिने जवळ बसवून वाचायला शिकवलं. ही गोष्ट त्या बाई आणि ते पोर यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. घरी जाते ती फक्त कन्नडमधली सूचना, आणि एक प्रगतिपत्रक, ज्यावर एफए, एसए आणि पुढे बी प्लस असं काहीतरी असतं. बी प्लस म्हणजे पोरगं वाचतंय का अडखळतंय? कुणी सांगत नाही. पालकाला वाटतं, इथं काहीच होत नाही. पुढच्या जूनला पोरगं गाडीत बसतं.

त्याला दोष देता येत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्याच खटल्यात सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड पालकांची. त्या निकालावर वाद घालता येईल, आणि मी वर्गात घातलाही आहे. पण वास्तव हे आहे की आता मराठी शाळेला पालकांना पटवावं लागणार. सक्तीचा काळ गेला. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आपल्याकडचं रायबाग त्या वेळी त्याच संस्थानात होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच संपूर्ण संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं होतं. तेव्हा पोराला शाळेपर्यंत आणणं हे काम होतं. आज पोरगं शाळेत येतंच. शाळा घरापर्यंत नेणं हे काम उरलंय.

आणि पट घटला की काय होतं? १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक निकष ठरला होता. शाळेत त्या भाषेची ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर मातृभाषेतून शिकवायची सोय करायची. हा आकडा आपल्या हक्काचा आधार आहे, आणि तोच आपल्या गळ्याचा फासही होऊ शकतो. मुलं दहाच्या खाली गेली की मागणीच्या पायाखालची जमीन सरकते. मोर्चा काढून पट वाढत नाही. एकेका घरातल्या एकेका आईला शाळेवर विश्वास वाटला तर वाढतो.

बातमी म्हणजे फक्त तारीख नव्हे

समजा उद्यापासून सगळ्या सूचना मराठीत आल्या. तरी अर्धंच काम होईल. तारीख, कागदपत्रं, सुट्टी, एवढंच पालकाला कळलं तर शाळा त्याच्यासाठी एक कार्यालय राहते. त्याला हे कळायला हवं की पोरगं काय शिकतंय.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये 'निपुण भारत' जाहीर केलं. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं, लिहिता यावं आणि साधं गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट. चांगलं आहे. पण तिसरीतल्या मुलाच्या आजीला विचारा, तुमच्या नातवाला या वर्षी काय यायला हवं? तिला कुणी सांगितलेलंच नाही. सांगितलं तर ती बघेल. आजीला सगळं येत नाही, पण नातवाला भाकरी वाढताना "वाच बघू हे डब्यावरचं" एवढं ती नक्की म्हणेल.

महिन्यातून एकदा, एक पान. त्यात चार गोष्टी पुरेत. या महिन्यात वर्गात काय झालं. पुढच्या महिन्यात काय होणार. घरी काय करता येईल. आणि तारखा.

उदाहरणार्थ तिसरीच्या वर्गासाठी असं: "या महिन्यात हातच्याची वजाबाकी शिकवली. निम्म्या मुलांना जमली, बाकीच्यांचा सराव चालू आहे. घरी दुकानात पाठवताना ५० ची नोट द्या आणि किती परत आणायचे ते आधी विचारा. पुढच्या महिन्यात गोष्ट वाचून स्वतःच्या शब्दांत सांगायची आहे. रोज रात्री पाच मिनिटं मुलाकडून गोष्ट ऐका. शाळेत आलेल्या नवीन पुस्तकांतलं एक पुस्तक शनिवारी घरी येईल, सोमवारी परत पाठवा."

बस. यात काही अवघड नाही. पण हे पान वाचलेल्या आईला सोमवारी शाळेत जाऊन बाईंना विचारता येतं, "माझ्या पोराला वजाबाकी जमली का?" हा प्रश्न विचारणारी आई शाळा सोडत नाही, आणि तिच्या समोरची शाळाही ढिली पडत नाही.

आणि ज्यांना मराठीही वाचता येत नाही त्यांचं काय? आपल्या गावांत अशी म्हातारी माणसं आहेत, आयाही आहेत. त्यांच्यासाठी आवाज. दोन मिनिटांचा व्हॉईस मेसेज. कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलातल्या गावांत फोनला रेंज येत नाही, तिथं तोही पोचणार नाही. तिथं फळा. शाळेच्या आतला नव्हे, दूध डेअरीतला. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दूध घालायला तिथं येतं. रेशन दुकान आहे, देवळाचा कट्टा आहे, देवळावरचा भोंगा आहे. लग्नाचं जेवण कुठं आहे हे ज्या गावात तासाभरात सगळ्यांना कळतं, त्या गावात परीक्षेची तारीख कळू नये, हे पटत नाही.

आता आपल्यावर येऊया

मी वर दादाबद्दल लिहिलं, बाईंबद्दल लिहिलं, कायद्याबद्दल लिहिलं. एक माणूस राहिला. मी.

मी बेळगावात शिकते. माझ्या फोनला रेंज असते. मला कन्नड वाचता येतं. तीन वर्षं मी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालले, १७ जानेवारीला हुतात्म्यांना फुलं वाहिली. पण भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर मला घ्या, असं मी एकदाही म्हटलं नाही. त्या कन्नड सूचनेचं मराठी करायला मला दोन मिनिटं लागली असती. त्या दोन मिनिटांची किंमत तिनं दिली.

म्हणून हे मोर्च्याला नावं ठेवायला लिहीत नाही. मोर्चा हवाच. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो निकालात निघेपर्यंत आवाज जिवंत ठेवावाच लागेल. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाचवीतली पोरगी थांबत नाही. ती सहावीत जाते.

आपली पिढी या भागातली अशी पिढी आहे, जिच्यातल्या पुष्कळांना दोन्ही लिप्या येतात. आपल्या आया-आजींना आल्या नाहीत. जे कन्नड आपल्यावर लादलं असं आपण म्हणतो, तेच आज मराठी शाळा वाचवायच्या कामी येऊ शकतं. तर हे करूया:

एक. आपल्या गावच्या मराठी शाळेच्या पालक ग्रुपवर गावातल्या एका कॉलेजच्या मुला-मुलीनं असावं. मुख्याध्यापकांना भेटून, विनंती करून. काम एकच, प्रत्येक सूचनेखाली तीन ओळी मराठीत घालायच्या. काय आहे, कधीपर्यंत, काय घेऊन यायचं. भाषांतर करताना राजकारण घालायचं नाही, टोमणा मारायचा नाही. तारीख आणि आकडा दोनदा तपासायचा, कारण आपली चूकही तितकीच महागात पडेल.

दोन. ग्रुपवर कुणाचा नंबर आहे ते बघा. बाप गोव्यात, पुण्यात असेल तर घरी जो फोन असतो तो नंबर घाला. आईचा, नाहीतर शेजारच्या काकूंचा. मेसेज पोर जिथं आहे तिथं आला पाहिजे.

तीन. एसडीएमसीची बैठक होते का ते विचारा. आपल्याकडे अध्यक्षपदासाठी गावात दोन गट पडतात, आणि अध्यक्ष ठरला की बैठकीला चारच माणसं येतात. हे आपलं आपण सुधारायचं आहे, त्याला बेंगळुरू जबाबदार नाही. बैठकीत ठराव घ्या की पालकांसाठीच्या सूचना मराठीतही दिल्या जातील आणि महिन्याला एक पान निघेल. इतिवृत्तात लिहून घ्या. समितीत ज्या बायकांची नावं आहेत त्या खरोखर येऊन बसल्या पाहिजेत, नुसती सही घरी पाठवून नाही.

चार. तो ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना मराठीत अर्ज द्या. मागणी छोटी आणि स्पष्ट ठेवा: मराठी माध्यमाच्या शाळांतल्या पालकांसाठी निघणारी सूचना मराठीतही द्यावी. कलम ३५० चा उल्लेख करा, १५ टक्क्यांच्या निकषाचा करा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ चा करा. पोच घ्या. उत्तर नाही आलं तर महिन्यानं दुसरा अर्ज. एका गावाचा अर्ज फायलीत जातो. पन्नास गावांचे एकाच मजकुराचे अर्ज गेले तर कुणाला तरी वाचावे लागतील.

पाच. शिक्षकांच्या अंगावर जाऊ नका. त्यांच्या बाजूला बसा. एक पान लिहायला त्यांना अर्धा तास लागत असेल तर तो अर्धा तास तुम्ही द्या. त्या बोलतील, तुम्ही लिहा.

हे सगळं आपण केलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही नोंदवून ठेवते. स्वयंसेवकांनी भाषांतर केलं की कार्यालय म्हणेल, चाललंय की. म्हणून तिसरं आणि चौथं काम सोडून पहिलंच करत बसायचं नाही. आपण टेकू आहोत, भिंत सरकारनंच बांधायची आहे.

जूनमध्ये

१ जूनला आपण हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो. १९८६ च्या त्या आंदोलनात माणसं गेली ती कशासाठी? शाळेतल्या कन्नड सक्तीविरुद्ध. शाळेत, आपल्या लेकरांच्या कानावर कुठली भाषा पडावी यासाठी. आपल्या शाळाही त्याच सुमाराला सुरू होतात. येत्या जूनला स्मारकावर फूल वाहून झालं की तिथूनच आपल्या गावच्या शाळेत जा. पहिल्या दिवशी पालक आलेले असतात, तेवढ्यात ग्रुपवरचे नंबर तपासून घ्या. त्याला दहा मिनिटं लागतील.

मी आता भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर आहे. वहिनीकडेही एक साधा स्मार्टफोन आलाय, दादाचाच जुना. परवा शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची सूचना आली. मी खाली तीन ओळी मराठीत घातल्या आणि वाचूनही दाखवल्या. पाच मिनिटांत वहिनीचा आवाज आला, "वन्सं, कळलं. उद्याच जाते." तिच्या खाली आणखी चार आयांचे अंगठे. त्यातल्या दोघींची नावं मी त्या ग्रुपवर पहिल्यांदाच बघितली. त्या इतके दिवस तिथंच होत्या, नुसत्या गप्प.

नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाची संधी परत येणार नाही. भाचीला ते अजून माहीतही नाही. ती मला म्हणाली, "आत्या, तू आमच्या शाळेच्या ग्रुपवर कशाला आलीस?" मी म्हटलं, "तुमच्या बाई काय सांगतात ते तुझ्या आईला सांगायला." ती म्हणाली, "मग बाईच का सांगत नाहीत?"

मी तिला नीट उत्तर दिलं नाही. ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहायच्या अर्जात घातलंय.